गावकरीची सभा आणि देवळाची महाजनकी

पोर्तुगिजांनी गोवा बेट जिंकले ते १५१० साली. त्यानंतर सोळा वर्षांनी, १६ सप्टेंबर १५२६ रोजी, त्यांच्या राजाचा येथील 'वेदोर द फाझेंदा', म्हणजे खजिन्याचा मुख्य अधिकारी आफोंसू मेशिया, याने तिसवाडीच्या गावकरांच्या चालीरीतींची एक सनद लिहवून घेतली. 'फोराल' या नावाने ती इतिहासात प्रसिद्ध आहे. एकोणपन्नास कलमांच्या या सनदेत त्या बेटावरील एकतीस गावांचा व्यवहार नोंदलेला आहे. मेशियाला आमच्या संस्कृतीविषयी जिज्ञासा होती असे समजण्याचे कारण नाही. सारा कोण गोळा करतो, कोण भरतो, आणि न भरल्यास कोणास धरावयाचे, एवढेच त्यास हवे होते. पण सारा कोण देतो हे विचारावयास गेले की गावाचे पुढारी कोण हे विचारावे लागते, आणि तो प्रश्न विचारला की सभा कशी भरते, प्रथम कोण बोलतो, शेवटचा शब्द कोणाचा, हे सारेच सांगणे प्राप्त होते. अशा रीतीने एका वसुली अधिकाऱ्याच्या टिपणात आमच्या ग्रामसभेचे सर्वांत जुने सविस्तर चित्र अनायासे राहून गेले.

त्यातील एक बारीकसा नियम मला फार बोलका वाटतो. गावाच्या समारंभात विडा प्रथम कोणास द्यावयाचा याला मोठे महत्त्व असे, कारण विड्याच्या क्रमावरून गावातील मानाची पायरी ठरत असे. दोन गावकर सारख्याच मानाचे असले आणि दोघांपैकी एकही मागे सरण्यास तयार नसला तर काय करावे? फोराल सांगते की देणाऱ्याने आपले दोन्ही हात एकमेकांवर फुलीसारखे ठेवून विडे पुढे करावेत, म्हणजे अगोदर कोणी घेतला हे कोणासच सांगता येऊ नये. आजच्या वाचकास याचे हसू येईल. परंतु ज्याने देवस्थानांच्या मानपानाचे दावे न्यायालयात चालवले आहेत, पालखीला खांदा प्रथम कोणाचा या एका प्रश्नावर पिढ्यान् पिढ्या उत्सव अडून राहिलेले पाहिले आहेत, त्यास या फुली घातलेल्या हातांचे मोल कळते. भांडण मिटविण्याची ती युक्ती एखाद्या शास्त्रातून आलेली नव्हती. ज्यांना उद्या पुन्हा एकाच बांधावर उभे राहावयाचे होते, त्यांनी ती काढलेली होती.

फोरालच्या आरंभी गावकरीच्या उत्पत्तीची कथा दिली आहे. पूर्वी कोणी चार पुरुष ओसाड पडलेल्या बेटावर आले, त्यांनी जमीन लागवडीस आणली, वस्ती वाढविली, आणि त्यांच्या चांगल्या कारभारामुळे त्यांस गावकर हे नाव पडले, अशी ती कथा. हा इतिहास अक्षरशः घेण्याचे कारण नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी, जे स्वतः गोव्याचे सुपुत्र होते, १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या आपल्या ग्रंथात जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, आणि जमीन, श्रम व जाती यांची गाठ उकलूनच या संस्थेकडे पाहिले पाहिजे असे त्यातून दिसते. तथापि कथेतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गावकरपण जमीन राखण्याच्या कामातून आले असे गावकर स्वतः सांगत होते. राजाने दिलेले वतन म्हणून त्यांनी ते सांगितले नाही.

आणि गोव्याच्या किनारपट्टीवर जमीन राखणे म्हणजे काय, हे मांडवी आणि जुवारीच्या काठावरील मनुष्यास सांगावयास नको. खाजनांची शेते भरतीच्या पाण्याखाली येतील अशा पातळीची. मातीचे बांध घालून, त्यांत मानशीची दारे बसवून, खारे पाणी बाहेर रोखून धरावयाचे आणि ओहोटीला पावसाचे पाणी सोडावयाचे. आजही गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. हा बांध कोणा एका शेतकऱ्याचा नसतो. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणात तो एका जागी फुटला तर साऱ्या गावाचे पीक जाते, आणि एकदा मीठ मुरलेली जमीन ताळ्यावर येण्यास काही पावसाळे जावे लागतात. म्हणून बांधाची देखरेख, मानशीवरील मासळीचा लिलाव, दुरुस्तीचा खर्च, मजुरांची व्यवस्था या गोष्टी एकत्र बसून ठरविल्यावाचून गत्यंतरच नव्हते. आमच्या ग्रामसभेचा उगम एखाद्या तत्त्वज्ञानात शोधण्यापेक्षा या मातीच्या बांधात शोधावा, असे माझे मत आहे.

सभेची रीत अशी. गावकरांची मूळ कुळे म्हणजे वांगडे; सभेत मत गणले जाई ते वांगडाचे. प्रत्येक वांगडातून जाणता पुरुष बोले, आणि धाकटे मागे बसून ऐकत. देवळाच्या मंडपात किंवा पारावर मंडळी जमली की गावाचा कुळकर्णी, ज्यास पोर्तुगिजांनी पुढे 'एश्क्रिव्हांव' म्हटले, वही उघडून बसे. सभेत जे ठरे त्यास 'नेम' म्हणत. जुनी रीत एकमताची होती. बहुसंख्यांनी एका बाजूला कौल दिला म्हणून नेम होत नसे. एकाचाही स्पष्ट विरोध निर्णय अडवू शके. बहुमताची पद्धत पुढे सरकारी कायद्यांनी आणली. कायद्याचा विद्यार्थी म्हणून मला बहुमताची सोय मान्य आहे. एकमताच्या आग्रहाने किती कामे कुजत पडली असतील याची कल्पनाही करता येते. पण शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर एकमताच्या रीतीत एक गुण होता. ज्याला डोकी मोजून जिंकता येत नाही त्याला समोरच्याचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते, त्याची अडचण समजून घ्यावी लागते, आणि आपल्या म्हणण्यातले थोडे सोडावे लागते. वर्षानुवर्षे मागे बसून हे पाहणाऱ्या तरुणाला पुढारीपणाचे जे शिक्षण मिळे, ते कोणत्याही पाठशाळेत मिळणारे नव्हते.

त्याखेरीज हिशेबाचे शिक्षण होते. गावाच्या उत्पन्नातून सरकारचा सारा जाई. देवाचा, बांधाचा आणि गावच्या सेवकांचा खर्च जाई. उरलेल्या रकमेची गावकरांत वाटणी होई, तिला 'जण' म्हणत. पुजारी, लोहार, सुतार, न्हावी, परीट यांस गावाने जमिनी तोडून दिलेल्या असत. त्या नामशीच्या जमिनी. शेते 'पावणी'ने, म्हणजे जाहीर लिलावाने, ठराविक मुदतीसाठी दिली जात. आता विचार करावा: ज्या सभेत आपल्या वाट्याचा 'जण' किती येणार हे ठरते, त्या सभेत कुळकर्ण्याने एखादी रक्कम चुकीची वाचली तर ती ऐकणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहील काय? अक्षरशत्रू गावकरसुद्धा तोंडी हिशेबात पक्के असत ते यामुळे. या वह्यांची भाषा पुष्कळ ठिकाणी मराठी होती आणि लिपी मोडी वा गोयकानडी. त्यांतील बऱ्याच वह्या गोव्याच्या पुराभिलेखागारात आज जतन केलेल्या आहेत. मराठी आणि कोकणी यांच्या नात्याविषयी वाद घालणाऱ्या आमच्या दोन्ही पक्षांच्या मित्रांनी त्या एकदा उघडून पाहाव्यात. बोलणे एका भाषेत आणि लिहिणे दुसऱ्या भाषेत, असा व्यवहार आमच्या पूर्वजांनी कोणत्याही आकसावाचून केलेला त्यांत दिसेल.

गावागावांच्या वरही एक सभा होती. तिसवाडीतील आठ प्रमुख गावांचे प्रतिनिधी साऱ्या बेटाच्या प्रश्नांसाठी एकत्र बसत. एखाद्या गावाचे पीक बुडाले तर साऱ्याची सूट द्यावयाची की तो भार इतरांनी उचलावयाचा, असे प्रश्न तेथे येत. ताळगावच्या गावकरांस भाताची पहिली कापणी करण्याचा मान होता. नव्या लोंब्यांची जुडी मोठ्या चर्चमध्ये अर्पण करण्याची त्यांची चाल फोरालमध्ये नोंदलेली आहे. ऑगस्ट महिन्यातील ताळगावचे 'कणसाचे फेस्त' हा त्याच मानाचा आजचा अवशेष. १५२६ साली चर्चपुढे नेलेली ती जुडी त्याच्या आधी कोणापुढे ठेवली जात असेल, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

या संस्थेची स्तुती करताना वकिलाने प्रतिपक्षाची बाजूही मांडली पाहिजे. १८३० साली चार्ल्स मेटकाफने हिंदी खेड्यांस छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली, आणि तेव्हापासून आमच्या विद्वानांस त्या उपमेची गोडी लागली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी त्या गोडीवर कठोर प्रहार केला. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीय वृत्तीचे घर आहे, म्हणून घटनेने व्यक्तीस घटक मानले याचा त्यांस आनंद वाटत होता. गोव्याच्या गावकरीपुरते बोलावयाचे तर त्यांचा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. गावकर जन्माने होत असे. शेतात राबणारा गावडा, दुसऱ्याच्या भाटात घर बांधून राहणारा मुंडकार, गावाचा चर्मकार आणि महार, यांस सभेत आवाज नव्हता. कुळाचाऱ्यांस ठराविक वाटा होता, पण निर्णयात मत नव्हते. आणि कोणत्याही जातीची स्त्री असो, ती सभेची सभासद नव्हतीच. ज्या बांधामुळे ही सभा जन्मली, त्या बांधावर चिखल वाहून नेणारे बहुतेक हात सभेबाहेरचे होते. एवढे मान्य करूनच पुढे जावे.

पोर्तुगीज सत्तेने प्रारंभी या सभेला हात लावला नाही. सारा वेळेवर येत होता. पण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मप्रसाराचा जोर वाढला तसे धोरण पालटले. देवळे मोडली गेली, त्यांच्या जमिनी चर्चकडे लावण्यात आल्या, आणि पुष्कळ गावांत हिंदू गावकरांस सभेत बसण्याची बंदी झाली. म्हणजे जमीन तीच, बांध तोच, वांगडे तीच. फक्त ज्याने धर्म सोडला नाही त्यास आपल्याच गावाच्या कारभारात तोंड उघडता येईना.

या काळातील एक प्रसंग आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जातो. साष्टीतील कुंकळ्ळीच्या गावकरांनी देवळांच्या विध्वंसाविरुद्ध प्रतिकार चालविला होता. सारा देण्याचेही नाकारले होते. जुलै १५८३ मध्ये तेथे पाच जेझुइट पाद्री आणि त्यांच्या बरोबरची काही माणसे मारली गेली. त्या पाद्र्यांत अकबराच्या दरबारात राहून नुकताच परतलेला रुदोल्फ आक्वाव्हिवा हाही होता. ज्या मनुष्याने फत्तेपूर सिक्रीस निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांबरोबर वाद केला, त्यास एका मोगल बादशहाच्या सभेत जे अभय मिळाले ते साष्टीच्या एका गावात मिळाले नाही. या हत्येचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर जे घडले त्याचा निवाडा इतिहासाने अधिक कडक शब्दांत करावयास हवा होता. कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांचे सोळा नायक बोलणी करण्यासाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलाविले गेले. ते आले, शस्त्रे घेऊन नव्हे, सभेस जातात तसे आले. तेथे त्यांस ठार करण्यात आले. एक जण तेवढा निसटून कारवारकडे गेला असे सांगतात. गावे गावकरांच्या हातून काढून इतरांस देण्यात आली.

एखाद्या प्रदेशात बोलणे थांबते ते कशामुळे, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. बोलाविलेला मनुष्य परत येतो हा विश्वास नसला तर सभा भरत नाही. साष्टीच्या हिंदू गावकराने पुढील काही शतके सरकारच्या बोलावण्याकडे संशयाने पाहिले असेल, तर त्याचे नवल कशास मानावे?

कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. आजही फाल्गुनात तिची छत्र्यांची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीस येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या, आणि गुलालाने न्हालेली माणसे. तीत कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकरही भाग घेतात. धर्म पालटला तरी वांगड पालटले नाही, हे तेथे डोळ्यांना दिसते.

फातर्प्याप्रमाणेच इतरत्र घडले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास, मडगावचा दामोदर जांबावलीस, दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्यास. नदी ओलांडली की त्या वेळी आदिलशाहीचा मुलूख होता. ही यादी आमच्या वाचकांस मुखोद्गत आहे. देवस्थानांच्या इतिहासात तिची पुनरुक्ती नेहमीच होते. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट नदीपार गेली, तिच्याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. मूर्तीबरोबर गावकरांची सभाही गेली. कुठ्ठाळीस ज्याला गावकर म्हणून बसता येईना, तो प्रियोळास महाजन म्हणून बसू लागला. गावाच्या जमिनीचा कारभार हातून सुटला, पण देवाच्या जमिनीचा, उत्सवाचा, सेवेकऱ्यांच्या नेमणुकीचा कारभार राहिला. तोच क्रम, तोच मान, तीच वही. फरक इतकाच की जी सभा पूर्वी एका गावात राहणाऱ्या माणसांची होती, ती आता दूरदूर विखुरलेल्या कुळांची झाली. मंगळूर, कारवार, कोची, पुढे मुंबई, बडोदे, इंदूर येथे गेलेल्या घराण्यांना 'आपला गाव' म्हणून जे उरले, ते या सभेतील आपले नाव.

फोंडा महाल १७६३ साली पोर्तुगिजांकडे आला तेव्हा काळ बदलला होता. नव्या काबिजादींतील लोकांस त्यांचा धर्म आणि रूढी पाळू देण्याचे अभिवचन दिले गेले, आणि ते स्थूलमानाने पाळले गेले. मात्र एकोणिसाव्या शतकात लिस्बनच्या राज्यकर्त्यांस प्रत्येक संस्थेस नियमावलीत बसविण्याची हौस उत्पन्न झाली. फिलिप नेरी शाव्हिएर यांनी १८५२ साली ग्रामसंस्थांचा इतिहास पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध केला, तो याच काळात. स्वतः गोवेकर असलेल्या या लेखकाचे ऋण आम्ही पुरेसे मानलेले नाही. गावकऱ्यांस 'कोमुनिदाद' म्हणून १९०४ साली संहिता मिळाली, १९३३ साली दुसरी, आणि १५ एप्रिल १९६१ रोजी, सत्ता जाण्यास आठ महिने उरले असता, तिसरी. हीच तिसरी संहिता पुढे झालेल्या दुरुस्त्यांसह अद्याप लागू आहे, आणि सुमारे सव्वादोनशे कोमुनिदादी तिच्याखाली नांदत आहेत. देवस्थानांसाठी महाजनकीचे नियम १८८६ साली झाले; त्यांची जागा १९३३ च्या नियमावलीने घेतली, आणि आमच्या बहुतेक देवस्थानांचा कारभार आजही तिच्या आधारे चालतो.

या नियमावलीबद्दल दोन परस्परविरुद्ध गोष्टी म्हणता येतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. तिने सभेचे स्वातंत्र्य हिरावले. अंदाजपत्रक सरकारी अधिकाऱ्याने मंजूर करावयाचे, हिशेब त्याने तपासावयाचे, निवडणूक त्याच्या देखरेखीखाली. पूर्वी तो 'आद्मिनिश्त्रादोर' होता, आता मामलेदार आहे. जेथे बाहेरच्या अधिकाऱ्याचा शिक्का लागल्यावाचून दिव्याच्या तेलाचा खर्च पडत नाही, तेथे सभासदांची जबाबदारीची जाणीव मंदावते. परंतु तिनेच महाजनांची नामावळी लिहून काढावयास लावली, अलंकारांची यादी करावयास लावली, दर तीन वर्षांनी अध्यक्ष, मुखत्यार व खजिनदार निवडावयास लावले, आणि प्रत्येक देवस्थानाला आपला 'कोंप्रोमीस', म्हणजे आपली घटना, कागदावर उतरवणे भाग पाडले. रूढी लिहिली गेली की ती कठोर होते हे खरे; पण ती लिहिली गेली की तिच्याविरुद्ध दादही मागता येते. पूर्वी चार प्रतिष्ठित म्हणतील ती रूढी असे. नियमावलीनंतर सामान्य महाजन उठून विचारू शकला की हे कोणत्या कलमाखाली?

वकिलीच्या निमित्ताने महाजनांच्या सभांची जुनी इतिवृत्ते मला पुष्कळ वाचावी लागली. त्यांत भांडणे आहेत, मत्सर आहे, एकाच विषयावर लागोपाठ सात सभा झाल्याचे दाखले आहेत. तरी एक गोष्ट नजरेत भरते. सार्वजनिक जागी उभे राहून, अध्यक्षास उद्देशून, विषयास धरून बोलण्याची सवय ज्या हिंदू समाजास राज्यकर्त्यांच्या विधिमंडळात मिळणे शक्य नव्हते, ती त्याला देवळाच्या सभामंडपात मिळाली. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंस नागरिक म्हणून समान हक्क लाभले, तेव्हा हा समाज संस्था चालविण्यास अगदीच नवखा नव्हता. १९०८ साली पणजीस मुष्टिफंड संस्था निघाली. घराघरांतून मूठमूठ तांदूळ जमवून शाळा चालवावयाची, ही तिची कल्पना नावातच आहे. १९११ साली फोंड्यास दादा वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापिले. त्याच सुमारास डॉ. पुरुषोत्तम वामन शिरगावकर यांचे 'प्राचीप्रभा' फोंड्यातून निघू लागले. वर्गणी, समिती, हिशेब, वार्षिक सभा हे शब्द तेथे नवे होते. पण त्यामागचा व्यवहार देवाच्या उत्सवासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या आणि तिचा पै-पैचा हिशेब मंडपात वाचणाऱ्या माणसांस सर्वस्वी अपरिचित नव्हता. शाळेचे व्यवस्थापन हे देवळाच्या व्यवस्थापनाचे धाकटे भावंड होय, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ सालीच पंचायतींचा कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पंचायतींच्या निवडणुका झाल्या. आमच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व मुक्तीच्या खालोखाल आहे, पण तिचा उत्सव कोणी करीत नाही. चार शतकांच्या लिखित इतिहासात प्रथमच गावडा, मुंडकार, कुळाचारी आणि स्त्री यांस गावाच्या कारभारात मत मिळाले, तेही वांगडाचे म्हणून नव्हे, स्वतःचे म्हणून. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप येथे फिटला. पुढे १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची दुरुस्ती यांनी जमिनीचे नाते पालटले, आणि कोमुनिदादीच्या सभेत 'जण' घेण्यापुरते येणारे गावकर उरले. बांधांची जबाबदारी कूळ संघांवर आली. ती सर्वत्र नीट पार पडली असे म्हणता येणार नाही. ओसाड पडलेली खाजने पाहणाऱ्यास ते सांगावे लागत नाही.

१९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने ग्रामसभेस वर्षातून चार रविवार नेमून दिले: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. आरंभी या सभा ओस पडत. मग २००६ साली '२०११ चा प्रादेशिक आराखडा' जाहीर झाला, आणि त्यातील नकाशात आपले डोंगर, शेते कोणत्या रंगाने रंगविली आहेत हे लोकांच्या ध्यानात आले. गावोगावच्या ग्रामसभा भरगच्च होऊ लागल्या. २००७ च्या आरंभी सरकारास तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या, म्हणजे २०२१ च्या, आराखड्यासाठी गावपातळीवर समित्या नेमल्या गेल्या, आणि झऱ्याची जागा कोणती, मानस कोठे, देवराई किती, हे गावकऱ्यांनी स्वतः नकाशावर मांडले. त्यांच्या श्रमांचे शासनदरबारी काय झाले हा वेगळा आणि बराच कडू विषय आहे. पण त्या समित्यांत ज्यांनी जमिनीचे अचूक ज्ञान पुरविले ते पुष्कळदा गावातील जुने लोक होते, आणि ज्यांनी ते कागदावर आणले ते तरुण, त्यांत मुलीही. मागे बसून ऐकण्याची आणि पुढे येऊन बोलण्याची जुनी रीत तेथे काही काळ पुन्हा दिसली. या वेळी तिच्यात जन्माची अट नव्हती.

आता राहिली आमची महाजनकी. जमिनीच्या सभेतून जन्माची अट गेली. देवाच्या सभेत ती आहे. तिचा निकाल मी या लेखात लावू पाहत नाही. देवस्थानाची मालकी आणि देवाचे दर्शन हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याला इतिहासाचा जो आधार आहे तो वर सांगितलाच: परागंदा झालेल्या कुळांनी आपल्या खर्चाने आणि जीवावर उदार होऊन देव राखला. परंतु त्याच महाजनांच्या मुलींचे नाव नामावळीत का नसावे, याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही जुन्या वहीत मिळालेले नाही. जुन्या सभेत त्या नव्हत्या, एवढेच मिळते. फोराल लिहिले गेले तेव्हा त्या सभेत ख्रिस्ती गावकरांचा प्रश्न पडलेला नव्हता, मुंबईस राहणाऱ्या महाजनाचाही पडलेला नव्हता. काळाने प्रश्न आणले तेव्हा सभेने उत्तरे शोधली. काही देवस्थानांत याविषयी चर्चा सुरू झाली आहे. ती न्यायालयात होण्याऐवजी मंडपात व्हावी अशी माझी, एका वकिलाची, इच्छा आहे. तिच्यात माझ्या धंद्याचे नुकसान आहे हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

त्यासाठी एक साधी गोष्ट करता येईल. बहुतेक देवस्थानांचे मूळ 'कोंप्रोमीस' पोर्तुगीज भाषेत आहेत आणि त्यापूर्वीच्या वह्या मोडीत. महाजनांपैकी फार थोड्यांस त्या वाचता येतात, म्हणून सभेत रूढी अशी, रूढी तशी, असे जो तो आपल्या सोयीने सांगतो. प्रत्येक देवस्थानाने आपली घटना मराठीत आणि कोकणीत उतरवून छापावी, आणि त्रैवार्षिक सभेच्या आरंभी, अहवालाच्या आधी, ती मोठ्याने वाचावी. वाचण्याचे काम विशीतल्या एखाद्या महाजनाकडे द्यावे. पंचवीस-तीस कलमांस अर्धा तास पुरेल. मोडी वाचणारे जाणकार अजून हयात आहेत, पणजीचे पुराभिलेखागार अभ्यासकांस खुले आहे, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत आणखी किती वर्षे ते जुने कागद टिकतील याचा भरवसा नाही.